उतारावरच्या रानाची नव्यानं मांडणी : पाणी अडवायचं की वाट करून द्यायची?

कासारीकाठ
१२ एप्रिल, रात्री ९.५०

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. वर्षभर मनात साठलंय ते लिहिते, कारण पावसाला दीड-दोन महिने उरलेत आणि त्याआधी काही गोष्टी ठरवायच्या आहेत.

पन्हाळा तालुक्यात बाजारभोगावच्या वरच्या अंगाला आमचं साडेतीन एकर रान आहे. तळाला ओढ्यालगत एकरभर ऊस, त्याच्यावर भाताच्या पाच ताली, म्हणजे उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली खाचरं, आणि सगळ्यात वर दीड एकर तांबडा मुरमाड माळ. माळावर पूर्वी नाचणी व्हायची, आता नुसतं गवत. जुलैत आमचा ओढा तांबडालाल वाहतो. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. ती आमच्याच माळाची माती वाहून चाललीय, हे कळायला दहा वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेर जाऊन मी पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीला धरून शेत आणि घराची मांडणी करायचा, वर्ग केला. हा ७२ तासांचा अभ्यासक्रम जगभर ठरलेला आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या तस्मानियात ही पद्धत मांडली, आणि १९८७ मध्ये मॉलिसन स्वतः भारतात येऊन शिकवून गेले. मला या वर्गाचा फायदा झाला, हे आधी सांगते. ऊन, वारा, पूर, वणवा कुठून येतो ते नकाशावर मांडायचं; ज्या गोष्टीकडं दिवसातून दहा वेळा जावं लागतं ती घराजवळ ठेवायची. एवढ्यावरच आम्ही उकिरडा हलवला. आधी तो घराच्या खालच्या बाजूला ओढ्याकडं होता, पावसात अर्धं खत धुपून जायचं. आता तो गोठ्याला लागून आहे, वर पत्रा आहे, आणि गोठ्याचं मूत्र-पाणी उतारानं केळीच्या ओळीत जातं. त्यासाठी डोक्यावरून एक पाटीसुद्धा वाहावी लागत नाही.

चूक पुढं झाली. वर्गात समतल चर शिकवले होते. उताराला आडवा, एकाच पातळीत चर काढायचा, निघालेल्या मातीचा खालच्या बाजूला बांध घालायचा, पाणी तिथंच मुरवायचं. गेल्या वर्षी मे महिन्यात जेसीबी लावून माळावर तीन चर काढले. प्रत्येकी तीनशे फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. जूनमध्ये चर भरले, मुरले, पुन्हा भरले. मला फार आनंद झाला होता. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री धो-धो लागला. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर वरच्या चराचा बांध एका ठिकाणी फुटलेला. तिन्ही चरांतलं पाणी एका धारेनं उतरलं होतं, दोन ताली मधोमध कापल्या गेल्या होत्या आणि लावणीच्या भातावर वीतभर मुरूम पसरला होता. आबा, म्हणजे माझे सासरे, त्या तालीच्या कडेला बराच वेळ उभे होते. बोलले काहीच नाहीत.

मागाहून हिशेब केला. एक एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर पाणी. १०० मिमी पडला तर चार लाख लिटर, आणि दीड एकर माळावर सहा लाख. आमचे तीन चर मिळून भरतात जेमतेम एक लाख. जुलैत जमीन आधीच तुडुंब असते, मुरायला जागा नसते. उरलेल्या पाच लाख लिटरनं जायचं कुठून, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता प्रश्न. ज्यांच्याकडं असा पाऊस आहे, त्यांनी रानाची मांडणी कशी केली? चर बुजवावेत का? आणि हे सगळं आपल्या भागात शिकायचं कुठं?

---

माळावरचा_कागलकर
१२ एप्रिल, रात्री ११.१५

ताई, चर बुजवायची घाई करू नका. आमचा माळ कागलच्या पूर्व अंगाला आहे. पाऊस तुमच्या चौथाईसुद्धा नसेल. आमच्याकडं हेच समतल चर काढून सहा वर्षं झाली, एकदाही बांध फुटला नाही. उलट चराच्या खालच्या अंगाला सीताफळ आणि शेवगा उन्हाळ्यातही तग धरतात. गिरीपुष्पाचं (ग्लिरिसिडिया) झाड तर फांदी खोचली की लागतं. वर्षातून तीनदा छाटून पाला झाडांच्या बुडात टाकतो.

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात पाच हजार मिमीच्या घरात पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. शंभर किलोमीटरच्या आत दहापट फरक. माझ्या माळाचा नकाशा तुम्हाला लागू पडायचा नाही आणि तुमचा मला.

---

मळीचंरान_शिरोळ
१३ एप्रिल, सकाळी ७.०५

आमच्याकडं पाऊस कमी, पण पाण्याचंच दुखणं. काळी भारी जमीन, चाळीस वर्षं पाटपाणी आणि उसावर ऊस. पाण्याची पातळी वर आली, ते पाणी मातीतून वर चढून उन्हानं उडतं आणि मीठ मागं राहतं. माझ्या चुलत्यांचं दोन एकर रान उन्हाळ्यात पांढरं फटक दिसायचं, पिठूर चांदणं पडल्यागत. ऊस गुडघ्यावर गेला नाही.

आम्ही जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, साडेतीन-चार फुटांवर, आणि त्याचं तोंड नाल्याला काढलं. पहिल्या वर्षी त्या तोंडातून खारट पाणी येत होतं, मी जिभेला लावून बघायचो. नंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक केलं, गाडलं. तिसऱ्या वर्षी ऊस उभा राहिला. यात अवघड काम पायपाचं नव्हतंच. पाणी नाल्यापर्यंत न्यायला मधली चार रानं लागतात, त्या चौघांना एका बैठकीत आणायला दीड वर्ष गेलं. तुमच्या ओढ्याचंही तसंच असणार. वरचा कोण, खालचा कोण, त्याच्याशी बोलल्याशिवाय मांडणी पुरी होत नाही.

---

निवृत्तगुरुजी
१३ एप्रिल, दुपारी ४.३०

ताई, शिकायचं कुठं असं विचारलंत म्हणून लिहितो. याचं एक मोठं विद्यापीठ कोल्हापुरातच होऊन गेलं, त्याला इमारत नव्हती. श्रीपाद अच्युत दाभोळकर, मूळ गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. साधे शेतकरी आपापल्या रानात प्रयोग करायचे, मोजायचे, आणि निष्कर्ष एकमेकांना द्यायचे. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांमध्ये हे फार फोफावलं. पानावर पडणारं ऊन किती पकडलं जातं, पानांचा पसारा किती, काडीला किती पानं लागतात, असं मोजणं त्यांनी बांधावर आणलं. ते २००१ साली गेले. त्यांचं एक सूत्र मी धरून आहे : थोड्या गुंठ्यांवर करून बघ, मोजून ठेव, मग वाढव. तुम्ही पहिल्याच वर्षी दीड एकरावर जेसीबी घातला. तीस फुटांचा एक चर काढून एक पावसाळा बघितला असता, तर ताली फुटल्या नसत्या. रागावू नका, शिक्षकाची सवय आहे.

दुसरं नाव प्रताप चिपळूणकर, हेही कोल्हापूरचेच शेतकरी. उसाचा फड संपला की आपण खोडकी उपटतो, नांगरतो, रोटर मारतो. ते म्हणतात, खोडकी आणि मुळं जागेवर कुजू द्या. सावकाश कुजणारं मूळ जमिनीतून जे देतं, ते वरून टाकलेल्या खतातून मिळत नाही. भातासाठी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र बघा : कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, रोपलावण नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच.

आणि तीन परीक्षा घरीच करा, पैसा लागत नाही. बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. थराची जाडी पट्टीनं मोजा. दुसरी, सुकं ढेकूळ अलगद पाण्यात सोडा. लगेच विरघळलं तर मातीत जीव कमी. तिसरी, दोन्ही बाजूंनी उघडा डबा जमिनीत चार बोटं ठोका, पाणी ओता आणि घड्याळ लावा. ही तिसरी माळावर, तालीत आणि उसात वेगवेगळी करा.

---

कासारीकाठ
१६ एप्रिल, रात्री १०.२०

गुरुजी, राग कसला. तीस फुटांचं पटलं.

तिन्ही परीक्षा केल्या. माळावर डब्यातलं पाणी बघता बघता गेलं. उसात, जिथं दरवर्षी ट्रॅक्टर फिरतो तिथं, चहा पिऊन आले तरी अर्धा डबा तसाच. ढेकळाचं तर मन लावून बघण्यासारखं आहे. उसाच्या सरीतलं ढेकूळ ग्लासात सोडलं, कडेनं बुडबुडे आले आणि ते पिठासारखं खाली बसलं. बांधाच्या कडेचं, जिथं कधी नांगर लागला नाही आणि मारवेल गवताची मुळं आहेत, ते ढेकूळ सकाळी सोडलं. दुपारी तसंच, संध्याकाळी तसंच. दोन्ही ग्लास आबांसमोर ठेवले. दोन्ही माती एकाच रानातली, मध्ये अंतर चार पावलांचं.

---

करवीर_ऊसवाला
१७ एप्रिल, सकाळी ९.००

चर्चा चांगली आहे, पण पोटापाण्याचं कुणी बोलत नाही. सोसायटी पीककर्ज उसाला देते, कारखाना बिलातून कापून घेतो, घर चालतं. फणस, बांबू आणि वाळा लावला तर त्यावर कर्ज कोण देणार? दोन वर्षं उत्पन्न बसलं तर मुलांची फी कुठून भरायची? ताई, खरा आकडा सांगा.

---

कासारीकाठ
१७ एप्रिल, रात्री ९.१०

बरोबर विचारलंत दादा. आम्ही ऊस मोडलेला नाही आणि मोडायचं ठरवलंही नाही. त्या एकरावरच आमचं कर्ज आहे. बदल केला तो खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं नाही. एका एकरातून तीन-चार टन पाचट निघतं, ते एका आड एका सरीत दाबलं आणि गोठ्यातलं पाणी त्यावर सोडलं. लवकर कुजावं म्हणून कृषी खातं टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक सांगतं. पहिल्या वर्षी आम्ही युरिया टाकला नाही आणि खोडवा चार टनांनी कमी आला. त्या पाचटानं कुजताना पिकाचं नत्र ओढलं, ते मला उशिरा समजलं. दुसऱ्या वर्षी युरिया टाकला, उत्पादन पूर्ववत आलं. भांगलणीचा (खुरपणीचा) खर्च मात्र दोन्ही वर्षं जवळजवळ निम्मा झाला, कारण पाचटाखाली तण येत नाही. उंदीर वाढले, हेही सांगते.

बाकी बांधाच्या कडेच्या झाडांतून अजून पैसा नाही. शेवगा आणि केळी घरापुरती आणि चार बाजारांपुरती.

---

आजऱ्याची_सून
१९ एप्रिल, दुपारी १.४०

ताई, आमचीही उताराची जमीन, वर काजू, खाली घनसाळ भात. तुमच्यासारखा जोराचा पाऊस. एक काळजी सांगते. जिथं उतार खडा आहे आणि जांभ्याखाली चिकणमाती आहे, तिथं चर काढून पाणी मुरवूच नका. आत मुरलेलं पाणी चिकणमातीवरून घसरतं आणि सगळा उतार सोबत नेतं. २०२१ च्या जुलैत सह्याद्रीत किती ठिकाणी दरडी कोसळल्या, ते आपण सगळ्यांनी बघितलं. आम्ही वरच्या खड्या पट्ट्याला हात लावला नाही. तिथं करवंद, जांभूळ, ऐन जे आपोआप उगवलं ते राखलं, जनावरं बंद केली. तीन वर्षांत इतकं दाट झालं की आता कोयता घेतल्याशिवाय आत जाता येत नाही.

मध्यम उतारावर आम्ही चर समतल ठेवले नाहीत. ढाळ दिला, शंभर फुटाला तीन इंच. पाणी हळूहळू एका कडेला जातं, वाटेत जेवढं मुरायचं तेवढं मुरतं, आणि कडेला गवतानं झाकलेल्या ओघळीतून खाली उतरतं. ओघळीच्या तोंडाशी दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी उतरायची जागा. ढाळ धरायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा. पन्नास फुटावर दीड इंचाचा फरक मिळाला की खुंटी ठोका. डोळ्यांवर किंवा जेसीबीवाल्याच्या अंदाजावर अजिबात सोडू नका.

---

कासारीकाठ
२७ एप्रिल, रात्री ११.००

ताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. आधी मागच्या वर्षीचे चर तपासायचे होते, म्हणून बांबूची इंग्रजी ए (A) आकाराची चौकट केली. सात-सात फुटांचे दोन पाय, मध्ये आडवी काठी, टोकाला दोरीनं दगड बांधून ओळंबा. दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं खूण, मग पाय उलटे फिरवून दुसरी खूण, दोन्हींचा मध्य म्हणजे समपातळी. मुलानं आणि मी सकाळी सात ते अकरा अख्खा वरचा चर चालून काढला. ज्या ठिकाणी बांध फुटला, तिथं चर नऊ इंच खाली होता. तीनशे फुटांचं पाणी त्या एका जागेवर गोळा होत होतं.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

आबा चौकट बघायला वर आले होते. खाली उतरताना तालींपाशी थांबले आणि काठीनं दाखवायला लागले. प्रत्येक तालीला पाणी काढायची एक मोरी आहे, हे मला माहीत होतं. चिखलात हात घालून मीच ती दरवर्षी उघडते, बुजवते. कधी लक्षात आलं नव्हतं ते हे : पहिल्या तालीची मोरी डावीकडं, दुसरीची उजवीकडं, तिसरीची पुन्हा डावीकडं. वरून आलेलं पाणी प्रत्येक तालीत आडवं, पूर्ण लांबी चालून मगच खाली उतरतं. त्यामुळं त्याला वेग येत नाही आणि गाळ तालीतच बसतो. मोरीच्या तोंडाला सपाट दगड, त्याच्याखाली दुसरा दगड, म्हणजे धार मातीवर पडत नाही. हे सगळं आबांच्या आजोबांनी केलेलं. मी विचारलं, मग गेल्या वर्षी मला का सांगितलं नाही? ते म्हणाले, तू शिकून आलीस, कागदावर काढून आणलंस, मला वाटलं त्यात काहीतरी असेल.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. वर्गात पहिलाच धडा होता, वर्षभर नुसतं निरीक्षण करा. मी ओढा बघितला, वारा बघितला, पक्षीसुद्धा लिहून ठेवले. घरातल्या माणसाला तेवढं विचारलं नाही.

आता असं ठरलंय. तिन्ही चर ढाळाचे करायचे, एकाआड एक डावी-उजवीकडं, तालींसारखेच. मॉलिसन आणि त्यांच्याआधी पाण्याच्या रेषा आखणारे पी. ए. योमन्स, दोघेही ऑस्ट्रेलियातले. योमन्स यांच्या पद्धतीत पावसाचा थेंब धरून ठेवणं पहिलं काम. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाणी शिस्तीत खाली न्यायचं आणि माती वर ठेवायची, आणि ऑक्टोबरनंतरची ओल पाचटानं, पाल्यानं, झाडांच्या सावलीनं धरायची. एकाच रानाला दोन ऋतूंची दोन कामं.

---

करवीर_ऊसवाला
२८ एप्रिल, सकाळी ८.१५

मोऱ्यांचं वाचून आमच्या आईला विचारलं. आमच्या जुन्या भाताच्या रानातही तसंच होतं म्हणे. आम्ही १५ वर्षांपूर्वी उसासाठी ताली मोडून रान एकसलग केलं. यंदा किमान पाचट पेटवणार नाही.

---

मळीचंरान_शिरोळ
२८ एप्रिल, रात्री ८.३०

वरच्यांनी माती वर धरली तर खाली आमच्याकडं पूर थोडा कमी गढूळ येईल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमची झोप उडते. २०१९ ला माझ्या उसाचे शेंडे आठवडाभर पाण्याखाली होते, सगळा ऊस कुजला. शेजारच्या उंच रानात शेंडा पाण्यावर होता, तो वाचला. तुमचे तीन चर हा पूर थांबवणार नाहीत, माहीत आहे. पण ताई, करा.

---

कासारीकाठ
२१ सप्टेंबर, सायंकाळी ६.४५

पाऊस ओसरला, म्हणून कळवते.

बांध फुटला नाही. जुलैत दोनदा तसाच जोराचा पाऊस झाला. दोन्ही वेळा रात्री टोपी घालून वर गेलो. बॅटरीच्या उजेडात चरातलं पाणी चालताना दिसत होतं, माणूस चालतो त्याहून हळू. सांडव्यावरून पातळ चादरीसारखं पडत होतं. मधल्या चराच्या सांडव्याखाली मात्र दगड कमी पडले आणि हातभर खड्डा पडला. तिथं आता मोठे दगड बसवायचेत.

ओढा लालच होता. आमच्या वर अजून चार रानं आहेत. पण आमच्या सगळ्यात वरच्या तालीत चार बोटं गाळ बसलाय, तो आम्ही मोजला. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे दहा गुंठ्यांत चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात टोकला. त्यात तण जास्त झालं, दोन भांगलणी वाढल्या, पण लोंब्या चांगल्या आहेत. कापणीनंतर वजन करून आकडा इथंच देईन. खोडव्याच्या पाचटाखाली परवा हात घातला तर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक गोळे ओंजळभर निघाले. या सरीत ते पहिल्यांदाच दिसले.

चराच्या बांधांवर वाळा लावायचाय. सहा इंचांवर एक ठोंब धरला तर एका चराला सहाशे लागतात. माझ्याकडं दोनशे तयार आहेत. आजऱ्याच्या ताई किंवा आणखी कुणाकडं जादा ठोंब असतील तर सांगा, गाडी घेऊन येते. बदल्यात शेवग्याचं बी आणि गिरीपुष्पाच्या फांद्या लागतील तेवढ्या देते.